शेतात सापडलेलं जुनं कुलूप: नळीचं, लिव्हरचं की येलच्या धर्तीचं?

इंग्लंडच्या नांगरलेल्या शेतांत मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांना कुलपं पुष्कळ सापडतात. त्यांचं वय बहुतेक जण गंज बघून ठरवतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की गंजाकडे आधी बघूच नका. ओल्या, खतावलेल्या मातीत पन्नास वर्षांचं लोखंडही पाचशे वर्षांचं वाटू लागतं. चावी कुठून आणि कशी शिरते ते शोधा, वयाचा अंदाज तिथूनच येतो.

नळीचं कुलूप सर्वांत जुनं. रोमन काळापासून मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत ते वापरात होतं. आडव्या नळीत एका टोकाने दांडा सरकवायचा. दांड्यावरची लवचिक पाती आत जाऊन फाकली की दांडा अडकतो. उघडताना चावी फिरवत नाहीत. भोकं असलेली चावी दुसऱ्या टोकाने ढकलली की पाती दबतात आणि दांडा सुटतो. म्हणून दर्शनी बाजूला चावीचं भोक नसतं. अख्खं कुलूप क्वचितच हाती लागतं. नुसती नळी किंवा पात्यांचा दांडा मिळतो, आणि पेटीला लावायची ब्राँझची इवली कुलपं तर भंगार समजून फेकली जातात. मला याचं फार वाईट वाटतं.

बदामाच्या किंवा ढालीच्या आकाराचं, पुढे भोक आणि त्यावर फिरती झाकणी असलेलं कुलूप मिळालं, तर ते बहुधा व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं (1837 ते 1901) असतं. लिव्हरच्या, म्हणजे चावीने आतल्या पट्ट्या नेमक्या उंचीला उचलून उघडायच्या कुलपाचं पेटंट रॉबर्ट बॅरनने 1778 मध्ये घेतलं, जेरेमाया चबने 1818 मध्ये ते आणखी पक्कं केलं आणि इंग्लंडमधल्या विलनहॉल गावात अशी कुलपं ढिगाने बनू लागली. मात्र चुकीची चावी अडवणाऱ्या नुसत्या स्थिर अडथळ्यांची, लिव्हर नसलेली स्वस्त कुलपंही बाहेरून अशीच दिसतात. आतलं यंत्र एक्स-रेमध्येच कळतं. झाकणीवर मुकुट आणि ‘व्हीआर’ (राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं) दिसलं म्हणून ते राणीच्या मालकीचं ठरत नाही, साध्या विक्रीच्या कुलपांवरही तो छाप असे. रुंद बाणाची खूण मात्र सरकारी मालाची. ‘एलएमएस’ (लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वे) असेल तर काम सोपं होतं, कारण ही रेल्वे कंपनी 1923 ते 1947 एवढीच वर्षं होती.

भोक तळाशी, अरुंद आणि नागमोडी असेल, तर ते येलच्या धर्तीचं, म्हणजे आत छोट्या खुंट्या आणि चपटी दातेरी चावी असलेलं. अमेरिकी कुलूपकार लायनस येल धाकटे यांची पेटंटं 1861 आणि 1865 ची. पोलादी पत्र्यांच्या थरांचं कुलूप त्याहून अलीकडचं, 1920 च्या दशकातलं.

या तिन्हींत शंका नळीच्या कुलपाची असेल तर हात आवरा. तारेचा ब्रश नको, व्हिनेगर नको, कडी हलवून बघणं नको. लाकडी काडीने सुटी माती काढा, जागेची नेमकी नोंद करा आणि पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या) जवळच्या अधिकाऱ्याला वस्तू दाखवा. लोखंडी किंवा ब्राँझचं कुलूप सहसा कायद्याने खजिना ठरत नाही, पण नोंद झाली तर त्या शेताचा इतिहास पुढे सरकतो. व्हिक्टोरियन कुलूप शेतमालकाच्या संमतीने घरी ठेवायला हरकत नाही. तेही घासण्याआधी झाकणीवरची अक्षरं तिरप्या उजेडात वाचून घ्या.