बर्फावर जायचं कशाने: हॉवरक्राफ्ट की पट्ट्यांची गाडी?

शिवडीच्या खाडीत ओहोटीला नुसता चिखल उरतो; होडी रुतते, माणूसही रुततो. हवेच्या उशीवरचं हॉवरक्राफ्ट तिथून सहज निघेल. ध्रुवीय समुद्रातही त्याचं खरं बळ हेच: पातळ बर्फ, भेग, मधलं उघडं पाणी, सगळं एका दमात पार. २०१४-१५ मध्ये ‘सबवाबा’ हे हॉवरक्राफ्ट सोबत घेऊन इंग्वे क्रिस्तोफर्सेन आणि औडुन थोल्फसेन आर्क्टिकमध्ये तरंगत्या बर्फाच्या लादीवर जवळपास वर्षभर राहिले. केवढं धाडस! रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या गाडीखाली असा बर्फ फुटला, तर ती बहुधा थेट तळाशी.

अंटार्क्टिकातल्या आपल्या ‘मैत्री’ तळावर मात्र ‘पिस्टनबुली’ ही पट्ट्यांची गाडीच हवी. जड स्लेज ओढणं, चढ चढणं यात तिला तोड नाही. हॉवरक्राफ्ट चढावर दमतं, आडव्या वाऱ्याने भरकटतं, कंबरभर उंच बर्फाच्या कंगोऱ्यापुढे अडतं. समुद्रावरच्या बर्फासाठी मी तरीही तेच निवडेन.

अशा हॉवरक्राफ्टची चाचणी घेतली, तर माझी नजर स्कर्टवर राहील. खालची हवेची उशी धरून ठेवणारा हा रबरी घेर कडाक्याच्या थंडीत ताठरतो, धारदार बर्फावर फाटतो. उडालेलं पाणी गोठून वजन वाढतं ते वेगळंच. उशीचा दाब, वळणं मुंबईच्या किनाऱ्यावर तपासता येतील. घेराचं कापड मात्र आधी शीतकक्षात वाकवून पाहावं.