एका मेनफ्रेमवर किती सर्व्हर बसवावे? आठ महिन्यांनंतर

आमच्या वावरातल्या डीपीवर अकरा मोटारी आहेत. रात्री लाईन आली की ऑटोमुळे (मोटार आपोआप चालू करणारी पेटी) अकराही एकदम उठतात आणि डीपी जळतो. गेल्या महिनाअखेरीस माझा मेनफ्रेम (एकट्यावरच अनेक सर्व्हर चालवणारा मोठा संगणक) असाच बसला, म्हणून हे लिहायला घेतलं.

आर्वीजवळच्या गावातून घरच्या इन्व्हर्टरवर रात्रपाळी करतो. झेड/व्हीएम (एका मशीनचे अनेक सर्व्हर करणारी प्रणाली), दोन आयएफएल (लिनक्ससाठीचे प्रोसेसर), वर लिनक्स. सुरुवातीला ४० गेस्ट, म्हणजे मशीनच्या आत चालणारे सर्व्हर, होते. लायसन्स इंजिनमागे, म्हणजे दर प्रोसेसरमागे, लागतं, त्यामुळे तिसरं आयएफएल घेण्यापेक्षा आहे त्यावरच दाटीवाटी करायची, हे माझ्या स्वभावाला धरूनच. २००० च्या सुमारास आयबीएमच्या एका एस/३९० मेनफ्रेमवर चाचणीत ४१,४०० लिनक्स उभे केले होते, हा आकडाही डोक्यात होता. पण उभं राहणं वेगळं आणि कामाला लागणं वेगळं.

माझा खरा राग मेमरीवर. सर्व्हर हवा असलेला जो तो सोळा जीबी मागतो. कशाला? "लागली तर." लिनक्सला जागा मोकळी दिसली की तो ती फाइलींच्या कॅशने भरतो, आणि बाहेरून झेड/व्हीएमला ती सगळी वापरातलीच वाटते. एकाचे मी गुपचूप सोळाचे सहा केले, स्वॅपला, म्हणजे मेमरी कमी पडली तर लागणाऱ्या राखीव जागेला, व्हीडिस्क दिला (मेमरीतलाच आभासी डिस्क, हात लावेपर्यंत तो जागा खात नाही). आठ दिवस कोणाला कळलंही नाही. मी सांगितलं तेव्हा भांडण झालं!

पाचव्या महिन्यापर्यंत मी सगळ्यांना ठासून सांगायचो, मेमरी आवळा, बाकी काही बघू नका. ते आता मागे घेतो. गेस्ट ७२ झाले, आणि महिनाअखेरीला रात्री बारा वाजता 'इंडिकेट लोड' (मशीनवरचा भार दाखवणारी आज्ञा) मारला तर प्रोसेसर १०० टक्के, पेजिंग (मेमरी पुरेना की डिस्कवर होणारी ने-आण) सुसाट. सगळे गेस्ट एकाच मास्टरवरून क्लोन केलेले, म्हणून सगळ्यांचा क्रॉन (कामं आपोआप सुरू करणारं वेळापत्रक) तोच. बॅकअप बारालाच, लॉग (नोंदींच्या फाइली) फिरवणंही बारालाच. दिवसभरच्या सरासरीत मात्र मशीन अर्धं रिकामं!

त्यात लाईन गेली, सेशन तुटलं. पण गेस्ट डिस्कनेक्ट होऊन आपले चालूच. या एका गोष्टीसाठी झेड/व्हीएमला पैकीच्या पैकी.

बाबा खाटेवरून ऐकत होते. म्हणाले, "मंग त्याइचे ऑटो काढून टाक न."

तेच केलं. प्रत्येकाची वेळ काही मिनिटांनी मागेपुढे केली. तेव्हापासून मी गेस्ट मोजत नाही, बाराच्या ठोक्याला किती जण उठतात ते मोजतो. आज ८४ चालू आहेत, या महिनाअखेरीला पेजिंग जेमतेम हललं.

पंच्याऐंशीव्याची मागणी आलीय, सोळा जीबीसकट. चार देईन.