लायसन्स आमचे, मोबाइल नंबर त्याचा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत परदेशी माग आणून बसवलेल्या प्रत्येक कारखानदाराने हे वाचावे म्हणून लिहीत आहे. 'कस्टम्स व डीजीएफटी कायदेविषयक सल्लागार' असे कार्ड (डीजीएफटी म्हणजे केंद्राचे विदेश व्यापार महासंचालनालय) घेऊन फिरणाऱ्या एका माणसाने आमच्या कारखान्याला खोटे ईओडीसी, म्हणजे निर्यातीची अट पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, दिले. त्याचे भोग अजून संपलेले नाहीत.

आमच्या अण्णांनी 2014 मध्ये टेरी टॉवेलसाठी रेपियर (बिनधोट्याचे) माग ईपीसीजी, म्हणजे निर्यातीच्या अटीवर यंत्रे आणण्याच्या, लायसन्सवर आणले. यंत्रावरची कस्टम ड्यूटी माफ, आणि त्या बदल्यात वाचलेल्या ड्यूटीच्या सहापट निर्यात 6 वर्षांत करायची. 10 लाख वाचले तर 60 लाखांची निर्यात. ती झाली की डीजीएफटीकडून ईओडीसी घ्यायचे आणि कस्टम्सकडे लिहून दिलेला बाँड, म्हणजे हमीपत्र, सोडवायचा. आमचा बराच माल मुंबईच्या व्यापारी निर्यातदारामार्फत जायचा आणि त्याच्या शिपिंग बिलांवर, म्हणजे निर्यातीच्या कस्टम्स कागदांवर, ना आमचे नाव, ना लायसन्स नंबर. असा माल परदेशी गेला तरी आमच्या खात्यात धरला जात नाही. सल्लागाराने हे पहिल्याच भेटीत ओळखले.

"अण्णा, तुम्ही टॉवेल विणा, पुण्याचं डीजीएफटी ऑफिस माझ्यावर सोडा," असे तो म्हणे. गोड बोलणारा, सणावाराला घरी येणारा माणूस. आमच्या पेठेतल्या दोन-तीन कारखान्यांची कामे त्याच्याकडे होती, म्हणून विश्वास बसला.

खरी फसवणूक पैशांच्या आधी सुरू झाली होती. डीजीएफटीच्या पोर्टलवर आमच्या आयईसीच्या, म्हणजे आयात-निर्यातदार कोडच्या, प्रोफाइलमध्ये त्याने स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा ईमेल टाकला. ओटीपी त्याला जायचा, सरकारी पत्रही त्यालाच जायचे. डिजिटल सहीचे टोकन त्याच्या बॅगेत. आयईसी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये पोर्टलवर अद्ययावत करावा लागतो. त्या मुदतीत त्याला एक रुपयाही फी नाही, तरी हा 'सरकारी फी' म्हणून दरवर्षी पैसे न्यायचा. अट अपुरी असल्याची विचारणा डीजीएफटीकडून आली, ती त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहिली आणि कारखान्यात कोणाला पत्ताही लागला नाही.

2022 मध्ये त्याने ईओडीसी आणून दिले. लेटरहेड, गोल शिक्का, सही, सगळे जागच्या जागी. 'वरचा खर्च' म्हणून मोठी रक्कम रोख घेतली, पावती नाही. अण्णांनी कागद तिजोरीत ठेवला.

मला सर्वांत जास्त चीड पुढच्या गोष्टीची आहे. 1 एप्रिल 2023 ला केंद्राने आमच्यासारख्या जुन्या लायसन्सधारकांसाठी अभय योजना आणली. जेवढी निर्यात कमी, तेवढ्या प्रमाणात ड्यूटी भरायची आणि त्यावरचे व्याज, माफ झालेल्या ड्यूटीच्या 100 टक्क्यांवर जाऊ द्यायचे नाही. नोंदणीची मुदत वाढून 31 डिसेंबर 2023 झाली. आम्ही त्यात सहज बसत होतो. पण ज्याच्या तिजोरीत प्रमाणपत्र आहे तो अर्ज कशाला करेल? सल्लागाराला योजना माहीत होती. सांगितली असती तर त्याचे बिंग फुटले असते. त्याने ती संधी आमच्यापासून लपवली.

मुदत गेल्यावर कस्टम्सची नोटीस टपालाने थेट कारखान्याच्या पत्त्यावर आली: ड्यूटी भरा, वर 15 टक्के दराने व्याज. तो म्हणाला, "क्लेरिकल चूक आहे, मिटवतो," आणि आठवडाभरात आणखी एक पत्र घेऊन आला, छापा पडणार असल्याचे. ते मिटवायला पुन्हा पैसे हवे होते. तेव्हा दोन्ही कागद मी पुण्यातल्या वकिलांना दाखवले. त्यांनी आधी डीआयएन, म्हणजे सरकारी पत्राचा ओळख क्रमांक, शोधला. 8 नोव्हेंबर 2019 पासून कस्टम्सच्या चौकशीच्या पत्रांवर आणि समन्सवर हा 20 अंकी क्रमांक लागू झाला आणि तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टम्सच्या केंद्रीय मंडळाच्या, संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. टपालाने आलेल्या नोटिशीवर तो होता, जुळलाही. छाप्याच्या पत्रावर नव्हताच. मग प्रोफाइलवर आमचा नंबर घालून पोर्टल उघडले. आमच्या लायसन्सवर ईओडीसीचा अर्जच कधी झालेला नव्हता. डीजीएफटीच्या पुण्याच्या कार्यालयातही तिजोरीतल्या त्या ईओडीसीची नोंद निघाली नाही.

तो वकील नव्हता आणि कस्टम्स ब्रोकरही नव्हता. वकिलाला सनद लागते, ब्रोकरला कस्टम्स कायद्याच्या कलम 146 खाली परवाना. 'सल्लागार' अशी पाटी मात्र कोणीही लावू शकतो. सनद किंवा परवाना क्रमांक मागितला की असा माणूस विषय बदलतो, हे आता मी इतरांकडूनही ऐकले आहे.

बनावट दस्तऐवजाची तक्रार आम्ही पोलिसांत दिली आहे, नोटिशीला उत्तर वकिलांमार्फत गेले आहे. मुंबईच्या निर्यातदाराकडून जुनी शिपिंग बिले आणि बँकेचे दाखले गोळा करतोय, त्यातले किती धरले जाईल ते सुनावणीत ठरेल. अण्णा या वयात रोज त्या फाइली काढून बसतात, ते बघवत नाही.

त्या माणसाचे सोलापुरात अजून ग्राहक आहेत. तुमचे ईओडीसी कोणी हातात आणून दिले असेल, तर बाँड रद्द झाल्याचे कस्टम्सचे पत्र तुमच्या फाइलला आहे का, ते आजच पाहा. आणि पोर्टलवर प्रोफाइलमध्ये मोबाइल नंबर कोणाचा आहे, तेही.