लेकीनं शर्यतीत पोहावं की कलात्मक जलतरण करावं?

पोरगी विहिरीत पोहायला शिकली, अंगानं लवचीक आहे, नाचतेही बरी. मोबाईलवर पाण्यात डोकं खाली करून पाय नाचवणाऱ्या चिनी मुली पाहिल्यापासून तिला तेच, म्हणजे संगीतावर पाण्यात कसरती करायचं कलात्मक जलतरण, करायचंय. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या खेळाची सांघिक आणि दुहेरी, दोन्ही सुवर्णपदकं चीननंच नेली, तेव्हा हौस वाटणं साहजिक आहे. पण तुम्ही विदर्भातल्या तालुक्याच्या गावी राहत असाल, तर आधी चौकशी तलावाच्या खोलीची करा.

शर्यतीच्या सरावाला छातीभर पाणी चालून जातं. कलात्मक जलतरणात मात्र तळाला पाय टेकवायचाच नाही. सोबतिणीला हवेत उडवायचं तेही तरंगत राहूनच. मोठ्या स्पर्धेला 12 बाय 12 मीटरच्या भागात 3 मीटर खोली लागते, शिवाय पाण्याखाली वाजणारे स्पीकर. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, तिथं बारमाही खोल तलाव म्हणजे शहर गाठणं आलंच.

दुसरी अडचण माणसांची. शर्यतीला एक मुलगी, एक प्रशिक्षक आणि स्टॉपवॉच पुरे. इथं संघ आठ जणींचा, दुहेरीला निदान एक तोडीची जोडीदार हवी. एकल प्रकार 1992 नंतर ऑलिंपिकमध्ये नाही. गावात एकटीच हुशार असून भागत नाही.

निकालाचंही तसंच. घड्याळ कोणाची ओळख पाळत नाही. कलात्मक प्रकारात गुण पंच देतात. आता कसरतींची काठिण्यपातळी आधी लिहून द्यावी लागते आणि लिहिलेलं नीट जमलं नाही तर गुण धाडकन खाली येतात. त्यामुळे आपली पोरगी नेमकी किती पाण्यात आहे, हे घरच्यांना लवकर कळत नाही.

एका बाबतीत मात्र विहिरीतल्या पोरी पुढे असतात. या खेळाचा पाया म्हणजे उभं पोहणं: दोन्ही पाय गुडघ्यापासून आळीपाळीनं उलटसुलट गोल फिरवायचे, म्हणजे हात मोकळे राहतात. खोल पाण्यात, काठावर जाणतं माणूस उभं ठेवून, तिला दोन्ही हात वर धरायला सांगा. हनुवटी न बुडता मिनिटभर टिकली तर तिच्यात दम आहे. पुढचं बरंचसं शिकवून येतं. नाकाची क्लिप मात्र सुरुवातीलाच घ्या, उलटं झालं की नाकात पाणी शिरतं. स्पर्धेच्या दिवशी केसांवर जिलेटिन थापतात, ते धुताना मायलेकी दोघी वैतागतात.

नोकरीचं म्हणाल, तर राज्यात खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण कोणत्या स्पर्धेचं, कितव्या क्रमांकाचं प्रमाणपत्र चालतं, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून आधीच समजून घ्या. पडताळणीत अडकलेलं प्रमाणपत्र कामाचं नाही.

माझं मत शर्यतीकडे झुकतं. अमरावतीच्या कांचनमाला पांडेनं 2017 मध्ये मेक्सिकोत दिव्यांगांच्या जागतिक जलतरण स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, तेही शर्यतीच्याच पोहण्यात. सोबत मल्लखांब किंवा जिम्नॅस्टिक्स चालू ठेवावं; अमरावतीच्या 1914 पासूनच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे आपल्याकडे त्याची परंपरा आहे. त्यानं पुढे कलात्मक जलतरणाकडे वळायचा रस्ताही बंद होत नाही.

अपवाद एकच. पोरगी दहाच्या आत आहे, पुण्या-मुंबईत सख्खं कुणी ठेवून घेणारं आहे आणि तिथं आधीच सराव करणारा गट तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय, तर खुशाल पाठवा. यातलं एक जरी नसेल, तर यंदा शर्यतीतच नाव नोंदवा.