स्प्रिंट कारमध्ये शेवरले 350 चा मूळ क्रँकशाफ्ट: एक परीक्षण

शेवरलेच्या 350 घनइंची इंजिनाचा कारखान्यातून आलेला क्रँकशाफ्ट (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरत्या गतीत बदलणारा दांडा) 3.48 इंच स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या एका फेरीच्या अंतराचा, असतो आणि हाच स्ट्रोक 305 इंजिनातही असल्यामुळे, 305 घनइंची इंजिनांच्या वर्गातील स्प्रिंट कारसाठी (छोट्या अंडाकृती ट्रॅकवर धावणाऱ्या शर्यतीच्या गाडीसाठी) तो साहजिकच पहिला पर्याय ठरतो.

खरी अडचण स्ट्रोकच्या लांबीची नसून समतोलाची आहे. स्प्रिंट कारला क्लच, गिअरबॉक्स आणि फ्लायव्हील (क्रँकशाफ्टच्या मागे बसणारे जड चाक) नसते, तर 1986 पासूनच्या, एकसंध मागील सील (तेल गळू न देणारी कडी) असलेल्या क्रँकशाफ्टच्या समतोलाचा काही भाग फ्लायव्हीलवरील वजनावर सोपवलेला असतो. ते वजन काढताच कंपने थेट मुख्य बेअरिंगांवर येतात. म्हणून दोन भागांच्या सीलचा जुना शाफ्ट मला अधिक पसंत आहे, मात्र त्याला त्याच पिढीचा ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) किंवा सीलसाठी अडॅप्टर लागतो. 400 इंजिनाचा 3.75 इंची शाफ्ट मोहात पाडतो खरा, पण त्याचे 2.65 इंची मुख्य जर्नल (शाफ्टचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) 2.45 इंचांपर्यंत घासावे लागतात आणि बाह्य समतोलाचा, म्हणजे शाफ्टबाहेरील वजनावर अवलंबून राहण्याचा, प्रश्न तिथेही सुटत नाही.

बहुतेक मूळ शाफ्ट ओतीव लोखंडाचे असतात. चुंबकीय तपासणीत तडा न आढळलेला, जर्नलच्या कोपऱ्यांची गोलाई शाबूत असलेला आणि निवडलेल्या पिस्टन-रॉडच्या वजनानुसार नव्याने समतोलित केलेला शाफ्ट मर्यादित शक्तीच्या वर्गात उत्तम काम देतो. अधिक शक्तिशाली 410 घनइंची इंजिनात मात्र तो बसवू नये, तिथे घडीव पोलादच हवे.