अंडाशयाच्या छेदाचं मॉडेल: घ्या, पण बाण झाका

लातूर-नांदेडकडच्या प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानांत अंडाशयाच्या छेदाचं फायबरचं मॉडेल मिळतं. बारावीच्या प्रॅक्टिकलला आणि नीटच्या वर्गांना बऱ्याचदा हेच घेतलं जातं. लाकडी पाट, रंगवलेले भाग, आकडे आणि सोबत नावांचं कार्ड. रंगकाम झकास आहे. ग्राफियन फॉलिकलमधली (फॉलिकल म्हणजे अंडपेशी ज्यात वाढते ती पिशवी, ग्राफियन म्हणजे पिकलेलं) पोकळी, थीकाचे (पिशवीच्या बाहेरच्या आवरणाचे) दोन्ही थर, अंडपेशीभोवतीचा झोना पेलुसिडा (पारदर्शक कवच) आणि कोरोना रेडिएटा (त्याभोवतीचं पेशींचं कडं) मागच्या बाकावरूनही ओळखू येतात.

गोची आहे ती बाणांची. प्रायमरी (सुरुवातीच्या) फॉलिकलपासून कॉर्पस अल्बिकन्सपर्यंतचे (शेवटी उरणाऱ्या पांढऱ्या वणापर्यंतचे) टप्पे कडेकडेने गोल मांडून मध्ये बाण काढलेत. त्यामुळे फॉलिकल अंडाशयात फिरत फिरत मोठं होतं, असा पोरांचा पक्का समज होतो. ते जागचं हलत नाही. तिथेच वाढतं, फुटतं आणि त्याच जागी कॉर्पस ल्युटियम (पिवळा पिंड) तयार होतो. शिवाय सगळं 28 दिवसांत उरकतं असंही वाटतं. सुप्त फॉलिकल वाढीला लागल्यापासून अंडमोचनापर्यंत (अंडपेशी बाहेर पडेपर्यंत) कित्येक महिने जातात. पाळीचे पहिले साधारण 14 दिवस म्हणजे नुसता शेवटचा टप्पा.

प्रमाणाचं तर विचारूच नका. अंडाशय जेमतेम 3 सेंटिमीटर लांब, पिकलेलं फॉलिकल सुमारे 2 सेंटिमीटर, अंडपेशी 0.1 मिलिमीटर. दहापट मोठ्या मॉडेलात अंडपेशी 1 मिलिमीटरची हवी. इथे ती हरभऱ्याएवढी!

वाटेतच जिरणारं फॉलिकल एकही दाखवलेलं नाही. जन्मावेळी दोन्ही अंडाशयांत मिळून 10 ते 20 लाख फॉलिकल, वयात येताना 3 ते 4 लाख, आणि आयुष्यभरात अंडमोचन होतं ते जेमतेम 400चं. म्हणजे मुख्य घटना जिरण्याचीच, आणि तीच गायब.

कार्डावर बाहेर पडणाऱ्या पेशीला ‘ओव्हम’ म्हटलंय. ती सेकंडरी ऊसाइट (अजून पूर्ण न झालेली अंडपेशी) असते, मेटाफेज 2 मध्ये (दुसऱ्या विभाजनाच्या मधल्या टप्प्यात) थांबलेली. शुक्राणू आत शिरल्यावरच विभाजन पुरं होतं. त्याआधी, जन्मापूर्वीपासून ती प्रोफेज 1 मध्ये (पहिल्या विभाजनाच्या सुरुवातीच्या टप्प्यात) अडकून होती, आणि पहिली पोलर बॉडी (विभाजनात वेगळी पडणारी छोटी पेशी) अंडमोचनाच्या थोडंच आधी सुटते. नीटला मार्क जातात ते इथेच. कार्ड स्वतः टाइप करून लावलेलं बरं.

घेताना आकडे रंगवलेले आहेत ना ते बघा. स्टिकर असतील तर मे महिन्याच्या उन्हात सुटतात. बाण थिनरने पुसायला जाऊ नका, खालचा रंगही निघतो. त्याच छटेच्या ऑइल पेंटचा एक हात पुरतो.