1798चा तांब्याचा सेंट आणि त्याची जुळी भावंडं

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत 1793 ते 1857 या काळात पाडलेले मोठे तांब्याचे सेंट कुणी विकत घेणार असेल, तर पैसे देण्याआधी हे जरूर वाचा. माझे साडेनऊशे डॉलर गेले आणि ते परत मिळण्याची चिन्हं नाहीत. ही फसवणूक भिंगाखालीही लक्षात येत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

न्यू जर्सीत येण्याआधी मी शिवराया जमवायचो. हाताने पाडलेलं नाणं, निम्मी अक्षरं चकतीबाहेर गेलेली, एकासारखं दुसरं नाही. सुरुवातीच्या अमेरिकन सेंटची ओढ मला त्याच कारणाने लागली. त्यांचे ठसेही, म्हणजे ज्यांनी नाणं पाडतात ते साचेही, हाताने पुरे केलेले. त्यामुळे फांदीवरची पानं, सालाच्या अंकांमधलं अंतर, अक्षरांचा कल ठशागणिक बदलतो. 1793 ते 1814 या काळातल्या सेंटचे असे सुमारे 300 प्रकार अभ्यासक शेल्डन यांच्या नावाच्या यादीतल्या क्रमांकांनी, म्हणजे शेल्डन क्रमांकांनी, ओळखले जातात, आणि एकाच सालाच्या दोन प्रकारांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

मी घेतलं ते 1798चं, त्यातल्या कमी सापडणाऱ्या प्रकारातलं. पेनसिल्व्हेनियातलं आजोबांचं शेतघर रिकामं करताना एका डब्यात मिळालं, असं विक्रेत्याने सांगितलं. रंग छान चॉकलेटी, झीज सगळीकडे सारखी. हातात आल्यावर मी नेहमीच्या सगळ्या तपासण्या केल्या. 1795च्या अखेरीस सेंटचं वजन 208 ग्रेनवरून 168 ग्रेनवर, म्हणजे सुमारे 10.9 ग्रॅमवर आणलं गेलं होतं. माझं नाणं 10.7 ग्रॅम भरलं. झिजलेल्या नाण्याला ते अगदी शोभतं. चुंबकाला चिकटलं नाही. तांब्याचे दोन पातळ पत्रे जोडून मध्ये शिसं भरलेल्या जुन्या नकला असतात, त्यांच्या काठावर सांधा दिसतो. तो इथे नव्हता. ठशाच्या खाणाखुणाही संदर्भग्रंथातल्या चित्राशी तंतोतंत जुळल्या.

त्या जुळणारच होत्या. कारण हल्लीचे भामटे ठसा नव्याने कोरत नाहीत. एक अस्सल, थोडं मार खाल्लेलं नाणं घेतात आणि त्याच्यावरूनच ठसा तयार करतात. त्या ठशाने योग्य वजनाच्या तांब्याच्या चकत्यांवर हवी तितकी नाणी पाडतात. पूर्वीची लबाडी वेगळी होती. 1799 हा या मालिकेतला सर्वांत हवाहवासा सेंट, म्हणून 1798मधला शेवटचा 8 घासूनपुसून 9 करायचे. तो प्रकार चांगल्या भिंगाने पकडता येतो. नव्या पद्धतीत मात्र एकच नाणं समोर ठेवून कितीही वेळ बघितलं तरी फारसं हाती लागत नाही, आणि मला सर्वांत धोकादायक वाटतं ते हेच. अशी नाणी नामांकित प्रमाणन कंपन्यांच्या, म्हणजे नाणं तपासून अस्सल असल्याचं सांगणाऱ्या कंपन्यांच्या, सीलबंद डब्यांमध्येही सापडली आहेत, तेव्हा नुसत्या डबीवर विसंबू नका.

पण मूळ नाण्याच्या जखमाही ठशात उतरतात, आणि चोरी उघडी पडते ती तिथेच. माझ्या नाण्यावर लिबर्टीच्या, म्हणजे पुढच्या बाजूवरच्या स्त्रीमुखाच्या, गालाखाली एक तिरका ओरखडा आणि मागच्या बाजूला पानांच्या माळेजवळ एक खोलगट ठोका आहे. काही महिन्यांनी जुन्या लिलावांचे फोटो चाळताना 1798चाच दुसरा सेंट दिसला. तोच ओरखडा, त्याच कोनात. तोच ठोका, त्याच जागी. थोडी आणखी विचारपूस केल्यावर तिसरा मिळाला. एकाच ठशाने पाडलेल्या दोन अस्सल नाण्यांवर ठशाच्या खुणा सारख्या असणारच. पण दोनशे वर्षं वेगवेगळ्या खिशांतून फिरताना दोघांना एकाच जागी एकच ओरखडा कसा पडेल?

मग ओरखडा पुन्हा नीट बघितला. खऱ्या ओरखड्यात धातू बाजूला सरकून कडा किंचित उचललेल्या असतात. माझ्या नाण्यावरच्या ओरखड्याच्या कडा मऊ, गोलसर, आणि तळ भोवतालच्या पृष्ठभागासारखाच होता.

विक्रेत्याला तिन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून पाठवले. त्याने एकदाच उत्तर दिलं, “परतीची मुदत संपली आहे.” त्यानंतर त्याचं खातंच दिसेनासं झालं. विक्री जिथे झाली तिथे केलेल्या तक्रारीतही मुदतीपलीकडे काही करता येत नाही, असंच उत्तर आलं. 1973च्या हॉबी प्रोटेक्शन अ‍ॅक्ट या अमेरिकन कायद्यानुसार नकली नाण्यावर ‘कॉपी’ हा शब्द उमटवणं बंधनकारक आहे, आणि 2014च्या दुरुस्तीने अशा विक्रीला जाणूनबुजून मदत करणारेही कचाट्यात येतात. पण नाहीशा झालेल्या माणसाला धरायचं कुठे?

म्हणून सांगतो, दुर्मीळ प्रकाराचा सेंट समोर आला की आधी त्याच्यावरचे ओरखडे, ठोके, खड्डे टिपून घ्या आणि त्याच प्रकाराच्या आधी विकल्या गेलेल्या नाण्यांचे मिळतील तितके फोटो शोधून बघा. जुळं सापडलं तर हात लावू नका. हे काम परतीच्या मुदतीतच उरका, आणि मुदत देत नसेल त्याच्याकडून घेऊच नका. सुरुवातीच्या अमेरिकन तांब्याचा अभ्यास करणाऱ्या जाणकारांना फोटो दाखवा. ही मंडळी मनापासून मदत करतात. मला तिसरं नाणं त्यांच्यातल्याच एकाने दाखवलं.

नाणं मी विकणार नाही. दोन्ही बाजूंचे मोठे फोटो आणि वजन त्या अभ्यासकांकडे नोंदवलं आहे, म्हणजे चौथं बाजारात आलं तर कुणाला तरी ते आधी ओळखता येईल.